सगळे पास, अभिप्राय ‘खूप छान’, आणि वॉर्डात काडीचा फरक नाही. कोर्स कसा बांधू?

अर्धविराम
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गरजेपोटी धागा काढतेय.

मी नर्सिंगमधली. अकरा वर्षं वॉर्डात काढली, दोन वर्षांपासून प्रशिक्षणाचं काम बघते. आमच्याकडे ब्लड कल्चरचं कंटॅमिनेशन वाढलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रक्तात जंतू आहेत का हे बघायला रुग्णाचं रक्त घेऊन खास बाटलीत घालतात. घेताना त्वचेवरचे जंतू बाटलीत शिरले (हेच कंटॅमिनेशन) की रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो आणि नसलेल्या आजारावर अँटिबायोटिक सुरू होतं. हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आत असावं असा जुना दंडक आहे. आम्ही त्याच्या बरेच वर आहोत.

मागच्या वर्षी यावर कोर्स घेतला. दोन तास, ११८ स्लाइड्स, शेवटी दहा एमसीक्यू (पर्याय निवडायचे प्रश्न). झाडून सगळे पास. अभिप्रायाच्या फॉर्मवर ‘खूप छान’, ‘माहितीपूर्ण’, एकीने तर ‘मॅडमचा आवाज गोड आहे’ असं लिहिलं. कंटॅमिनेशन जिथल्या तिथे. आता वरून हुकूम आलाय: कोर्स पुन्हा घ्या, पण या वेळी ‘आकर्षक’ करा.

तर कसा करू? व्हिडिओ? खेळ? ज्यांनी असे कोर्स घेतलेत किंवा सोसलेत त्यांनी कृपया लिहा.

टाचणी
‘सोसलेत’ हा शब्द काळजाला भिडला. दोन तासांत ११८ म्हणजे मिनिटाला एक स्लाइड. आमचे एक सर स्लाइड पुढे ढकलताना “हे तुम्ही नंतर वाचून घ्या” म्हणायचे. मी अजून वाचतोच आहे.

कळफलक
मी वैद्यकीय नाही, पण रुग्णालयांच्या ऑनलाइन कोर्सची सॉफ्टवेअरं बनवतो. लॉगमध्ये जे दिसतं ते सांगतो. रात्री तीन वाजता एकाच संगणकावरून एका वॉर्डातल्या सगळ्यांची परीक्षा पाठोपाठ होते आणि सगळ्यांची चुकलेली उत्तरंसुद्धा तीच असतात. एकदा तक्रार आली की लोक न वाचता ‘पुढे’ दाबतात, तर ते बटण प्रत्येक पानावर मिनिटभर लपवा. लपवलं. मग लोक मिनिटभर मोबाइल बघायला लागले.

गिऱ्हाईक आमच्याकडे मागतं ते एकच: किती टक्के लोकांचा कोर्स ‘पूर्ण’ झाला तो आकडा. त्यामुळे आम्हीही तेवढंच मोजतो.

रात्रपाळी
@कळफलक, रात्री तीनची ती मीच असणार. :)

माझ्या बाजूनेही ऐका. एका वर्षात आग, कचरा वर्गीकरण, हात धुणे, पडण्यापासून बचाव, गोपनीयता, शिवाय यंत्रवाल्या कंपनीचं प्रशिक्षण, एवढे कोर्स सक्तीचे. सगळे ड्युटीच्या बाहेर. नाइट संपवून सकाळी दोन तास खुर्चीत बसायचं आणि वर समोरची व्यक्ती विचारणार, “झोपलात का सिस्टर?” हो बाई, झोपले.

अर्धविराम, तुम्ही स्वतः वॉर्डातून आलात म्हणून सांगते. आकर्षक नको. छोटा करा आणि कामाच्या वेळेत करा.

जुना_स्टेथो
थोडा वेगळा सूर लावतो. हल्ली उठसूट व्याख्यानाला झोडपायची फॅशन आहे. मी जे वैद्यक शिकलो त्यातलं निम्मं चांगल्या शिक्षकांच्या तोंडून ऐकून शिकलो. नीट बांधलेलं व्याख्यान ऐकणाऱ्याच्या डोक्यात विषयाचा आराखडा उभा करतं. खेळ आणि रंगीत चिठ्ठ्या खेळवून तो उभा राहत नाही. वाईट व्याख्यान वाईट असतं, त्याला व्याख्यानपद्धती काय करणार? आणि शिकण्याची जबाबदारी थोडी शिकणाऱ्याची पण आहे ना? आपण प्रौढ, परवानाधारक माणसांबद्दल बोलतोय.

मोजपट्टी
माझं काम वैद्यकीय शिक्षणातल्या संशोधनाचं, त्यामुळे जरा लांबण लागेल. आधीच माफी.

@जुना_स्टेथो, व्याख्यान मेलेलं नाही, हे मान्य. पण आकडे नम्र करणारे आहेत. कॉक्रेनने (वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणारी संस्था) २००९ साली सभा-कार्यशाळा प्रकारच्या शिक्षणावरच्या ८१ चाचण्या एकत्र तपासल्या. अपेक्षित कृती करणाऱ्यांच्या प्रमाणात मध्यक वाढ सुमारे ६ टक्के. रुग्णांच्या बाबतीतला परिणाम त्याहून कमी, ३ टक्क्यांच्या आसपास. व्याख्यान आणि हाताने करण्याचा भाग यांची सांगड होती तिथे परिणाम नुसत्या एकापेक्षा बरा दिसला. वागणूक गुंतागुंतीची असेल तर कमी. म्हणजे कोर्स निरुपयोगी नाही, पण ‘कोर्स घेतला, प्रश्न सुटला’ असंही नाही.

आता धागाकर्तीच्या अभिप्राय फॉर्मकडे वळतो. डोनाल्ड कर्कपॅट्रिकने १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजायच्या चार पायऱ्या सांगितल्या: आवडलं का, शिकले का, काम करताना वागणं बदललं का, आणि शेवटी ज्यासाठी हा खटाटोप केला ते घडलं का. तुमच्याकडे पहिली पायरी आहे, दुसरी अर्धीमुर्धी आहे, चौथी लॅब तुम्हाला दर महिन्याला फुकट देते. तिसरी पूर्ण रिकामी आहे. सुई टोचताना माणूस नेमकं काय करतो ते कुणी पाहिलेलंच नाही.

सांधेजोड
‘मॅडमचा आवाज गोड’ वरून डॉक्टर फॉक्सची गोष्ट आठवली! माहीत नसेल तर ऐका. १९७० मध्ये अमेरिकेत काही संशोधकांनी एका नटाला ‘डॉ. मायरन फॉक्स’ म्हणून मानसोपचारतज्ज्ञ वगैरे मंडळींसमोर उभं केलं. विषय काय, तर वैद्यकीय शिक्षणात गणिती गेम थिअरीचा उपयोग. त्याला विषयातलं ओ की ठो कळत नव्हतं. शिकवून ठेवलं होतं की परस्परविरोधी बोल, शब्द बनव, विनोद पेर, पण ऐटीत. श्रोत्यांनी फॉर्मवर भरभरून कौतुक केलं. एकाने तर यांचे लेख आपण आधी वाचलेत असंही नोंदवलं! १९७३ मध्ये तो अभ्यास छापून आला.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. तेव्हापासून फॉर्मवर ‘उत्कृष्ट’ला टिक करताना हात थबकतो.

टाचणी
म्हणजे मला पण व्याख्यान देता येईल तर.

गोळीवाली
@टाचणी, तुम्ही इथे देताच की रोज.

रुग्णालयात फार्मसिस्ट आहे. माझा मुद्दा असा: आधी हे बघा की हा शिकवून सुटणारा प्रश्न आहे का. पोटॅशियम क्लोराइडचं तीव्र द्रावण चुकून न पातळ करता शिरेत गेल्याने माणसं दगावलीत. त्यावर वर्षानुवर्षं ‘लेबल नीट वाचा’ शिकवून झालं. सगळ्यांना लेबल वाचता येत होतं हो! फरक पडला तो ती अँप्युल (द्रावणाची कुपी) वॉर्डाच्या कपाटातून हलवून फार्मसीत ठेवायला आणि वॉर्डाला तयार पातळ केलेल्या बाटल्या द्यायला लागल्यावर. तिथे कोर्स हे औषधच चुकीचं होतं.

रात्रपाळी
गोळीवाली +१. काही झालं की कोर्स लावायचा. ‘प्रशिक्षण दिले’ असं फाइलला लागतं आणि चूक करणारा सुधारला असं धरून चालतात.

प्रश्नचिन्ह
या क्षेत्राबाहेरचा आहे, बाळबोध प्रश्न माफ करा. डॉक्टर-नर्सना परत परत शिकावं का लागतं? अनुभवाने येतच जात असेल ना?

मोजपट्टी
बाळबोध नाही, अगदी मुळाचा प्रश्न आहे. अनुभवाने हात सरावतो, पण जी चूक कुणी दाखवत नाही तीही सरावते. चौधरी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रकाशित अभ्यास धुंडाळले तेव्हा निम्म्याहून जास्त अभ्यासांत वर्षं वाढली तशी काळजीची गुणवत्ता घसरताना दिसली. शास्त्र पुढे सरकतं, माणूस पदवीच्या वर्षात अडकतो.

दुसरं म्हणजे आपल्याला काय येत नाही हे आपल्यालाच कळत नाही. डेव्हिस वगैरेंनी २००६ मध्ये डॉक्टरांचा स्वतःबद्दलचा अंदाज आणि बाहेरून केलेली मोजणी अशा २० तुलना पाहिल्या. त्यातल्या १३ मध्ये मेळ जेमतेम, शून्य किंवा चक्क उलटा. सर्वांत मोठी गफलत कुणाची? ज्यांना कमी येत होतं आणि ज्यांना आत्मविश्वास भरपूर होता त्यांची. म्हणून ‘तुम्हाला कशावर कोर्स हवाय?’ असा फॉर्म फिरवून विषय ठरवणं धोक्याचं.

जुना_स्टेथो
ते ‘आत्मविश्वास भरपूर’ वाचून क्षणभर आरशात पाहिलं. :)

पण याला जोडून एक जुनी आठवण. १९८२ मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओचा एक अभ्यास आला होता, सिबली आणि सॅकेट वगैरेंचा. डॉक्टरांना आधी विषयांची आवड-नावड विचारली, मग शिक्षणसंच दिले. आवडत्या विषयांत संच न मिळालेलेही तेवढेच सुधारले, म्हणजे संचाचं श्रेय काहीच नाही. नावडत्या विषयांत मात्र संचाने फरक केला. आम्ही तेव्हा हसायचो की सीएमईचा (डॉक्टरांच्या चालू शिक्षणाचा) उपयोग फक्त ज्यांना ती नको असते त्यांनाच होतो. म्हणजे बघा, मी व्याख्यानाची बाजू घेतली तरी सक्तीलाही थोडा अर्थ आहे असं म्हणतोय.

रात्रपाळी
सर, सक्तीला विरोध नाहीच. झोपेच्या वेळेला आहे.

सांधेजोड
डिझाइनबद्दल एक सुचवू का? प्रत्येकाची शिकण्याची शैली वेगळी असते, कुणी बघून, कुणी ऐकून, कुणी करून. आमच्याकडे आधी प्रश्नावली देऊन गट पाडतात. शिवाय वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के लक्षात राहतं, केलेलं ९० टक्के, असा तो त्रिकोण आहे ना.

मोजपट्टी
सांधेजोड, रागावू नका, पण दोन्ही गोष्टी हवेतल्या आहेत. शैलीप्रमाणे शिकवल्याने जास्त शिकतात का, याचा धांडोळा पाशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये घेतला. नीट रचलेला पुरावा जवळजवळ सापडलाच नाही. आणि त्या त्रिकोणाचा उगम सांगतात तो एडगर डेलचा १९४६ चा शंकू. त्यात एकही टक्केवारी नव्हती. आकडे नंतर कुणीतरी चिकटवले. इतके गोल आकडे दिसले की संशय यायला हवा.

सांधेजोड
रागावले नाही, पण गेली सहा वर्षं ती स्लाइड दाखवतेय. आता काय करू?

टाचणी
तीच दाखवा, फक्त ‘यातलं काय खोटं आहे ओळखा’ असं वर लिहा. लगेच इंटरॅक्टिव्ह झालं.

मोजपट्टी
टाचणी गमतीत बोलले, पण ही खरंच चांगली युक्ती आहे. डोक्यात माहिती ओतण्यापेक्षा डोक्यातून बाहेर काढायला लावलं की ती पक्की होते. रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६ चा प्रयोग बघा. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे, आणि अंतर लहान नव्हतं.

म्हणून कोर्स संपल्यावर लगेच घेतलेली परीक्षा फसवी. अर्धविराम, तुमचे दहा एमसीक्यू तीन आठवड्यांनी घेतले असते तर निकाल खराब आणि उपयोग जास्त झाला असता. त्याहून बरं म्हणजे दर आठवड्याला एकच प्रश्न, खऱ्या प्रसंगावरचा, आणि चुकला की लगेच कारण.

कळफलक
हे आम्ही एका ठिकाणी केलं होतं. मोबाइलवर आठवड्याला एक प्रश्न. चुकला तर तोच प्रश्न काही दिवसांनी परत. सुरुवातीला शिव्या पडल्या, मग वॉर्डावॉर्डांत पैजा लागल्या. अडचण ‘पूर्ण झाला’ या रकान्याची आली. कोर्स कधी पूर्ण झाला हेच कळेना, म्हणून प्रशासनाने बंद केला.

रात्रपाळी
सीपीआरचंही (हृदय थांबल्यावर छाती दाबणं वगैरे) तेच. प्रमाणपत्राचं कार्ड दोन वर्षांचं, हात विसरतो काही महिन्यांत. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, हे तोंडपाठ आहे मला. पण पुतळ्याला सेन्सर लावून दाबलं तेव्हा कळलं की मी ४ च्या वर जातच नव्हते. आठ वर्षं कार्ड होतं माझ्याकडे! मग एका सिनिअर सिस्टरने वॉर्डाच्या कोपऱ्यात पुतळा ठेवला, येता-जाता दोन मिनिटं दाबायचं, आकडा बघायचा. त्या दोन-दोन मिनिटांनी जे झालं ते कार्डाने झालं नाही.

प्रश्नचिन्ह
त्या पुतळ्याचा चेहरा इतका शांत का असतो? मला नेहमी वाटतं ती हसतेय.

जुना_स्टेथो
अवांतर, पण सांगतोच. पॅरिसला सीन नदीत सापडलेल्या एका अनोळखी तरुणीच्या चेहऱ्याचा साचा म्हणून तो चेहरा प्रसिद्ध आहे. खरी हकिगत काय यावर वाद आहेत, पण तो मुखवटा अनेक घरांत शोभेला टांगलेला असे. नॉर्वेचे आसमुंड लेर्डाल हे खेळणी बनवणारे. १९६० च्या सुमारास त्यांनी प्रशिक्षणाचा पुतळा घडवला तेव्हा तोच चेहरा घेतला. खेळणी करणाऱ्या माणसाने वैद्यकीय शिक्षणाला केवढं दिलं बघा.

टाचणी
आणि आपण त्याचे ११८ स्लाइड्स करतो.

पेट्रीडिश
उशिरा आले धाग्यावर. मायक्रोबायॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, या सगळ्या बाटल्या आमच्याकडेच येतात, म्हणून मूळ प्रश्नावर.

अर्धविराम ताई, तुमच्या ११८ स्लाइड्समध्ये बाटलीचं झाकण पुसण्याची स्लाइड कितवी होती? वरची प्लास्टिकची टोपी काढली की खालचं रबर निर्जंतुक असतं असा सर्रास समज आहे. नसतं. ते अल्कोहोलने पुसून वाळू द्यायचं असतं. दुसरं, त्वचा पुसल्यावर शीर पुन्हा बोटाने चाचपतात, आणि सगळ्यावर पाणी. तिसरं, अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक अर्धा मिनिट घासून वाळू द्यायला हवं. घाईत फुंकर मारतात! फुंकर म्हणजे तोंडातले जंतू मोफत. चौथं, नुकत्याच लावलेल्या कॅन्युलातूनच (सलाइनसाठी शिरेत बसवलेली नळी) रक्त ओढतात, एक टोचणं वाचतं म्हणून. त्याने कंटॅमिनेशन वाढतं. पाचवं, मोठ्या माणसाच्या बाटलीत ८ ते १० मिलिलिटर हवं, आमच्याकडे तीन-चार येतं. त्याने कंटॅमिनेशन होत नाही, पण खरा जंतू निसटतो.

इतकंच आहे हो. याला दोन तास कशाला? आणि लॅबला कधी कुणी कोर्स बनवताना विचारत नाही. आम्हाला वॉर्डनिहाय आकडे माहीत असतात, कुणी मागत नाही.

अर्धविराम
पेट्रीडिश, खरं सांगू? झाकणाची स्लाइड ९४ वी होती. पहिल्या तीस स्लाइड्स सेप्सिसची व्याख्या आणि जंतूंच्या वर्गीकरणावर. उद्दिष्टांत लिहिलं होतं ‘सहभागींना ब्लड कल्चरचे महत्त्व समजेल’. आता वाचताना लाज वाटतेय.

मोजपट्टी
लाज कसली, सगळ्यांची उद्दिष्टं अशीच असतात. ‘समजेल’, ‘जाणीव होईल’. पण समजलं हे डोळ्यांना दिसतं का? त्याऐवजी लिहा: ‘झाकण पुसून वाळू देईल’, ‘पुसलेल्या जागी पुन्हा हात लावणार नाही, लावलाच तर पुन्हा पुसेल’. शेजारी उभ्या माणसाला हो किंवा नाही म्हणता यावं असं. अशी चार वाक्यं झाली की ज्या स्लाइडचा त्यातल्या एकाशीही संबंध नाही ती काढा.

आणि कोर्सला हात लावण्याआधी चार दिवस वॉर्डात उभ्या राहा. वही घेऊन, कुणाला न रागावता.

गोळीवाली
उभं राहताना एक प्रश्न मनात ठेवा. बंदूक रोखली तर तो माणूस हे बरोबर करून दाखवेल का? दाखवेल, तर त्याला शिक्षण नकोय, अडथळा दुसरा आहे. प्रशिक्षणवाल्यांचा जुना प्रश्न आहे हा, माझा नाही.

टाचणी
फार्मसीत बंदूक पण ठेवता?

जुना_स्टेथो
गोळीवालींचा मुद्दा पटला. मिशिगनच्या आयसीयूंमध्ये सेंट्रल लाइनचं (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचं) इन्फेक्शन उतरलं, तो प्रोनोवोस्टचा २००६ चा अभ्यास सगळे ‘चेकलिस्टचा विजय’ म्हणून सांगतात. पण त्यात लागणारं सामान एकत्र ठेवलेली गाडीही होती, आणि पायरी चुकली तर डॉक्टरला थांबवायचा अधिकार नर्सला होता. पाच पायऱ्या सगळ्यांना आधीपासून माहीत होत्या. हा दुसरा भाग मात्र आमच्या पिढीला पचायला जड गेला, हेही कबूल करतो.

रात्रपाळी
सर, पुढच्या पिढीलाही जातोय.

अर्धविराम
(तीन आठवड्यांनी)

मंडळी, धागा वर काढतेय. चार दिवस वॉर्डात उभी राहिले, दोन दिवस, दोन रात्री. एकवीस वेळा रक्त घेताना पाहिलं. पहिल्या दिवशी सगळे माझ्याकडे बघून फारच नीट वागले, ते सोडून दिलं.

जे दिसलं ते असं. त्वचा पुसणं बहुतेकांचं ठीक. झाकण पुसणारे अगदी थोडे. विचारलं तर अर्ध्यांना माहीत होतं! मग का नाही पुसत? कारण ट्रेमध्ये एकच स्वॅब (पुसायचा बोळा) असतो, तो त्वचेला जातो. स्वॅबचा डबा ड्रेसिंगच्या खोलीत, कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला. एका हाताला टुर्निके (रक्त घेताना आवळायची पट्टी) बांधलेला रुग्ण सोडून कोण जाणार? मी स्वतः अकरा वर्षांत गेले नसेन.

पुन्हा चाचपणं मात्र खरं कौशल्याचं. ज्यांना शीर पटकन सापडत नाही तेच परत बोट लावतात. त्यात जास्त करून नवे रेसिडेंट डॉक्टर आणि नव्या सिस्टर. त्यांना एमसीक्यूत कारण विचारलं तर दहापैकी दहा.

म्हणून असं ठरवलंय. एक, ब्लड कल्चरचा तयार संच: दोन बाटल्या, तीन स्वॅब, हातमोजे, सगळं एका पिशवीत. दोन, दोन तासांऐवजी वीस मिनिटं, वॉर्डातच, ड्युटीत, तिघा-तिघांना, कृत्रिम हातावर. आधी करून दाखवायचं नाही. त्यांनी करायचं, दोघांनी त्या चार वाक्यांची यादी घेऊन बघायचं. तीन, दर आठवड्याला एक प्रश्न, हे कळफलक यांच्यावर सोपवतेय. चार, पेट्रीडिश म्हणाली तसे वॉर्डनिहाय आकडे आमच्या लॅबकडून.

११८ पैकी सहा स्लाइड्स उरल्या. वरिष्ठांना कागदावर दाखवलं तर पहिला प्रश्न: “बाकीचा वेळ काय करणार?”

सांधेजोड
हा हा, अगदी! तास कमी म्हणजे क्रेडिट पॉइंटही कमी. खुर्चीतल्या वेळाचे गुण मिळतात, बदललेल्या हाताचे नाहीत.

मोजपट्टी
फार छान केलंत. आकडे वॉर्डाला परत देण्याबद्दल थोडं: यावर कॉक्रेनचा २०१२ चा आढावा आहे, १४० अभ्यासांचा. सरासरी परिणाम लहान, मध्यक ४.३ टक्के, पण कुठे जास्त चाललं ते कामाचं आहे. जिथे सुरुवातीची स्थिती वाईट होती, आकडे वरिष्ठाने किंवा सहकाऱ्याने सांगितले, एकदा नाही तर पुन्हा पुन्हा, तोंडी आणि लेखी दोन्ही, आणि सोबत लक्ष्य व पुढे काय करायचं ते ठरवलेलं होतं. नुसता तक्ता भिंतीवर चिकटवला तर भिंत शिकेल.

आणि एक धोक्याचा कंदील. एका वॉर्डात महिन्याला साठेक कल्चर होत असतील तर एक-दोन बाटल्यांनी टक्का उड्या मारतो. पहिल्या महिन्यात उतरला म्हणून पेढे... म्हणजे अभिनंदनाचे मेल पाठवू नका आणि दुसऱ्या महिन्यात चढला म्हणून सिस्टरांना धारेवर धरू नका. महिन्यागणिक ठिपके जोडून रेघ बघा, सहा-आठ महिने.

प्रश्नचिन्ह
हे मोठ्या रुग्णालयात ठीक. पण एखादा डॉक्टर दूर एकटाच काम करत असेल, त्याच्या शेजारी उभं राहून कोण बघणार?

मोजपट्टी
चांगला प्रश्न. अमेरिकेत न्यू मेक्सिकोला संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये प्रोजेक्ट एको सुरू केला. तज्ज्ञ आणि दूरवरचे डॉक्टर ठरलेल्या दिवशी व्हिडिओवर भेटतात. छोटंसं व्याख्यान (जुना_स्टेथो खूश), पण मुख्य भाग म्हणजे त्या डॉक्टरांचे स्वतःचे रुग्ण, नाव वगळून, सगळ्यांसमोर मांडायचे. हिपॅटायटिस सी वर त्यांनी तुलना केली आणि २०११ मध्ये छापली: विद्यापीठात ५७.५ टक्के बरे झाले, दूरच्या ठिकाणी ५८.२ टक्के. जवळजवळ सारखेच. तिथे खोटे, रचलेले प्रसंग लागलेच नाहीत.

जुना_स्टेथो
खूश आहे. छोटंसं असलं तरी व्याख्यान ते व्याख्यान.

कळफलक
@अर्धविराम, प्रश्न तयार करून द्या, सोमवारी चालू करतो. ‘पूर्ण’चा रकाना या वेळी ठेवणारच नाही. कुणी विचारलं तर बग आहे म्हणेन.

पेट्रीडिश
मी पण आमच्या प्रमुखांना विचारलं, आमच्याकडच्या वॉर्डांना आकडे द्यायला तयार आहेत. म्हणाले, “इतकी वर्षं कुणी मागितलेच नाहीत.”

रात्रपाळी
संच भारी कल्पना. एक शंका. रात्री दोन वाजता पिशव्या संपल्या तर भरणार कोण? दिवसपाळी म्हणेल रात्रीने वापरल्या, रात्र म्हणेल दिवसाने भरल्या नाहीत. स्टोअर आठला बंद होतं.

अर्धविराम
अगं हो. हे ठरवलंच नाहीये. उद्या इनचार्ज सिस्टरना गाठते.